जिनिंगच्या लॅपटॉपवर वायफायचं सर्टिफिकेट: या चुका टाळा

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की वजनकाट्यावरून फोन ठरलेला, “भाऊ, वायफाय लागूनच नाही राहिलं.” बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि लॅपटॉप पावसाळाभर कपाटात पडलेला. हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगांमध्ये मी हीच कामं करतो. वायफायला लॅपटॉपची ओळख पटते ती सर्टिफिकेट नावाच्या डिजिटल ओळखपत्रावरून. ते टाकताना जेवढे घोळ होतात, त्याहून जास्त तारखेचे होतात.

पहिली चूक माझीच. नोव्हेंबरात सगळ्या लॅपटॉपना एक वर्षाची सर्टिफिकेटं दिली. इंट्यूनमध्ये (कंपनीचे लॅपटॉप दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) नूतनीकरणाची मर्यादा २० टक्के, म्हणजे शेवटच्या ७३ दिवसांत लॅपटॉप स्वतःच नवं मागतो. हे दिवस लागतात ऑगस्टअखेर, तेव्हा जिनिंगला कुलूप! लॅपटॉप उघडले तोवर सगळ्यांची मुदत संपलेली. आता मी सर्टिफिकेटं मार्चमध्ये देतो. नूतनीकरण जानेवारीत, ऐन हंगामात उरकतं.

दुसरा घोळ घड्याळाचा. मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख मागे पडते आणि चांगलं सर्टिफिकेटही ‘अजून लागू झालेलं नाही’ ठरतं. वेळ दुरुस्त व्हायला नेट हवं, नेटला वायफाय हवं, वायफायला सर्टिफिकेट. म्हणून फोनवर मी आधी कोपऱ्यातली तारीख वाचायला लावतो, मग मोबाइलचं हॉटस्पॉट लावून वेळ दुरुस्त करायला सांगतो. नव्या लॅपटॉपचीही हीच अडचण. पहिलं सर्टिफिकेट लॅनची वायर लावून ऑफिसातच उतरवा, मग गावाला पाठवा.

हाताने टाकत असाल तर सीईआर फाइल चालत नाही, तिच्यात प्रायव्हेट की, म्हणजे ओळख सिद्ध करणारी गुप्त किल्ली, नसते; ती असलेली पीएफएक्स फाइल लागते. सर्टिफिकेट युझरच्या खात्यात टाकलं तर लॉगिनच्या आधी वायफाय लागणार नाही. काट्यावर तीन पाळ्यांत तीन माणसं बसतात, तिथे ते कॉम्प्युटरच्याच स्टोअरमध्ये हवं.

आणि कितीही घाई असली तरी वायफायच्या सेटिंगमधली सर्व्हरची ओळख तपासण्याची खूण काढू नका. ती काढली की त्याच नावाचं कुणाचंही वायफाय लॅपटॉपला आपलंच वाटतं. रॅडियस सर्व्हरला (वायफायवर येणाऱ्याची ओळख तपासणारा सर्व्हर) सर्टिफिकेट देणाऱ्याचं रूट, म्हणजे मूळ, सर्टिफिकेट लॅपटॉपवर आहे का, ते बघा.

एकच लॅपटॉप अडला तर त्याच्यावर ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) ही कमांड चालवा, वायफाय जोडणीचा शेवटच्या तीन दिवसांचा हिशेब मिळतो. सगळे एकदम अडले तर लॅपटॉप उघडतच बसू नका. आधी रॅडियस सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत बघा.