वसंतातल्या वेगवान ओढ्यात कयाक कशी चालवावी

फाल्गुन-चैत्रात इंदूरजवळचे ओढे आटत आलेले असतात. हिमाचल-उत्तराखंडात मात्र याच दिवसांत बर्फ वितळू लागतो आणि लहान ओढ्यांनाही जोराची धार येते. तिकडे जायचं असेल, तर आधी महेश्वरच्या सहस्रधारेत प्रशिक्षकाबरोबर हात बसवून घ्या. काळ्या खडकांमुळे तिथे नर्मदा अनेक धारांत फुटते. 2023 मध्ये खेलो इंडियाची कनू स्लॅलम स्पर्धा (वेगवान पाण्यात टांगलेल्या खांबांमधून नाव काढण्याची शर्यत) तिथेच झाली होती.

सामान: 8-9 फुटी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, वरून झाकलेली नाव), हेल्मेट, अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट, वेटसूट (थंड पाण्यात ऊब टिकवणारा घट्ट पोशाख) आणि पाण्यावर तरंगणारी 15-20 मीटर दोरी. स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती घालून नावेची बसायची जागा झाकणाऱ्या कापडाची, ओढायची पट्टी बाहेरच राहिली पाहिजे. ती आत दबली तर उलटलेल्या नावेतून सुटता येत नाही. किमान तिघं असा.

पाण्यात उतरण्याआधी काठाने चालत जाऊन पुढचा टप्पा बघा. खडकापेक्षा आडव्या पडलेल्या झाडाची धास्ती जास्त बाळगा. खडकाला पाणी वळसा घालून जातं, पण झाडाच्या फांद्यांमधून ते आरपार जातं आणि माणूस तिथेच अडकतो. झाडाने पूर्ण पात्र अडवलं असेल, तर नाव खांद्यावर घेऊन पलीकडे जा.

मोठ्या खडकामागे पाणी संथ असतं, तीच तुमची थांबायची जागा. खडकाच्या अगदी जवळून, साधारण 45 अंशांच्या कोनात, जोर लावून आत शिरा. ज्या बाजूला वळताय त्याच बाजूला नाव थोडी कलवा. वेग कमी पडला की नाव संथ आणि वेगवान पाण्याच्या सीमेवरच फिरते आणि उलटते.

नाव खडकावर आडवी गेलीच, तर अंग खडकाकडेच झुकवा. घाबरून मागे रेललात, तर प्रवाह येतो त्या बाजूची कड बुडते, पाणी तिच्यावर चढतं आणि नाव पालथी होते.

पाण्यात पडलात, तर पाठीवर राहा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवा. गुडघ्यापेक्षा खोल धारेत उभं राहू नका; पाय दगडांत अडकला, तर पाणी तुम्हाला खाली दाबतं. थंडीने पहिल्या मिनिटात धाप लागते, तेव्हा आधी श्वास सांभाळा.

सकाळीच निघा. उन्हाने बर्फ वितळतो, तसं दुपारनंतर पाणी वाढतं. थांबाल तिथे पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. अर्ध्या तासात तो बुडाला किंवा पाणी गढूळ झालं, तर पुढे न जाता तिथेच बाहेर पडा.