डिश बंद करताय? आधी या चुका टाळा

रिचार्ज संपत आला की घरोघरी विचार सुरू होतो: नेट आहेच, मग डिशचे पैसे कशाला भरायचे? शहरातल्या बहुतेक घरांचं आता डिशवाचून अडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. अडतं ते घाईमुळे.

सगळ्यात आधी हिशेब चुकतो. डिशचं बिल एकरकमी दिसतं, ओटीटीचं, म्हणजे नेटवर मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या सेवांचं, तुकड्यातुकड्यांत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. आईच्या मालिका तिन्हीकडे विखुरलेल्या असतील तर वर्गण्याही तीन. म्हणून आठवडाभर घरात खरंच काय बघितलं जातं ते लिहून काढा. फक्त मोबाइलसाठीचा स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही, तोही चुकून घेऊ नका.

मग येतं बफरिंग. मॅच रंगात आलेली असते आणि पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं. लोक वैतागून मोठा प्लॅन घेतात. पण एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोरकेला साधारण १५. दोष बहुधा वायफायचा असतो. राउटर बेडरूममध्ये कपाटामागे, टीव्ही हॉलमध्ये, आणि जोडलेला वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर, जिथे आजूबाजूच्या फ्लॅटमधल्या वायफायचीही गर्दी असते. मोबाइल टीव्हीशेजारी धरून स्पीड टेस्ट घ्या, राउटरपाशी उभं राहून नको. स्पीड कमी आला तर ५ गिगाहर्ट्झ बँडवर जोडून बघा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर तोही नीट पोचत नाही, तेव्हा सरळ लॅन केबल ओढून घ्या. स्पीड चांगला असूनही अ‍ॅप अडकत असेल तर बहुधा टीव्ही जुना झालाय. नवा टीव्ही नको, टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लागणारी स्ट्रीमिंग स्टिक लावून बघा.

मोबाइल हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, रोजचा २ जीबी तासाभरात उडू शकतो.

लाइव्ह मॅच नेटवर काही सेकंद मागे असते. शेजारी आधी ओरडणार, याला इलाज नाही. वीज गेली तर राउटरसोबत फायबरची तार येते तो डबाही इन्व्हर्टरवर हवा. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो, तो त्रास मात्र सुटतो.

मला सगळ्यात जास्त खटकते ती चूक म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न विचारता डिश काढणं. आजींना वाहिन्यांचे नंबर पाठ असतात. अ‍ॅप, प्रोफाइल, सर्च यात त्या गोंधळतात आणि हळूहळू टीव्ही लावायचंच सोडून देतात. त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश बसवा: छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री वाहिनी मिळतेच. त्यांच्या मालिका त्यावर नसतील तर तेवढ्याच वाहिन्यांचा छोटा पॅक चालू ठेवा.

महिनाभर डिश आणि ओटीटी दोन्ही सोबत चालवा, मगच डिश बंद करा. बंद करताना बँकेतलं किंवा यूपीआयवरचं ऑटोपे रद्द झालंय का ते बघा.