बारावीचे विषय निवडण्याआधी: अमेरिकेतल्या पालकांसाठी

हिवाळ्यात अकरावीतल्या मुलांच्या हाती पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म पडला, की आपल्या लोकांत एकच प्रश्न फिरू लागतो: तुमचा किती एपी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतोय? त्याला उत्तर देत बसू नका. आधी मुलाचं आजवरचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेडचा उतारा, समोर घ्या आणि इंग्रजी, गणित, विज्ञान, सोशल स्टडीज, परकी भाषा यांतलं बारावीत काय तुटतंय ते बघा. स्पॅनिश सोडून तिथे एपी सायकॉलॉजी घुसवली, तर आकडा एकाने वाढतो, पण भाषेचं चौथं वर्ष जातं. मोजक्यांनाच प्रवेश देणाऱ्या कॉलेजांत हा सौदा बहुधा तोट्याचा. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलसऐवजी स्टॅटिस्टिक्स घेऊ नका. आणि एपी फिजिक्स सी घ्यायचं, तर कॅल्क्युलस आधी झालेलं किंवा निदान सोबत चालू हवं.

मग शाळेच्या काउन्सेलरला गाठा. कॉमन अ‍ॅपसोबत (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) शाळेकडून जो रिपोर्ट जातो, त्यात त्यांना विचारलेलं असतं, की कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलाने घेतलेले विषय कितपत कठीण आहेत. आपल्या शाळेत सगळ्यांत वरच्या खान्यात खूण व्हायला काय लागतं, हे त्यांना सरळ विचारा. शेजारच्या गावातल्या शाळेत वीस एपी आहेत म्हणून जीव टांगणीला लावू नका. रिपोर्टासोबत शाळेचं प्रोफाइलही जातं, त्यामुळे तुमच्या शाळेत काय मिळतं हे कॉलेजात अर्ज वाचणाऱ्याला कळतं.

शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचा (स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजचा) क्लास सोपा वाटतो म्हणून घ्यायचा, तर एवढं ध्यानात ठेवा: तो ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमचा राहतो, पुढे मेडिकलच्या अर्जातही द्यावा लागतो.

यादीवर शेवटचा हात फिरवताना ऑक्टोबर डोळ्यांसमोर आणा. कॉमन अ‍ॅप 1 ऑगस्टला उघडतं, अर्लीची (लवकरच्या फेरीतल्या अर्जाची) मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर. म्हणजे कॅल्क्युलस बीसीची युनिट टेस्ट, फिजिक्सचा लॅब रिपोर्ट आणि तीन कॉलेजांचे 'आमचंच कॉलेज का' छापाचे निबंध एकाच आठवड्यात. अर्ज हाच एक विषय धरा, आणि मुलगा रात्री एकपर्यंत जागणारच असेल तर एक एपी आताच खोडा. माझ्या मते चार नीट पेललेले एपी सहा ओढत नेलेल्यांपेक्षा बरे. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना बारावीचे ग्रेड धरत नाही, हे खरं. पण विषय बघते, आणि प्रवेश देते तो अटींवर.

शाळा सुरू झाल्यावर विषय बदलण्याची मुदत कधी संपते, ते कॅलेंडरवर टाका. नंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे विषय मध्येच सोडला) येऊ शकतो. अर्ज गेल्यावर बदल केलात, तर प्रत्येक कॉलेजला कळवा. एपी परीक्षा मेमध्ये असल्या तरी नोंदणी आदल्या शरद ऋतूतच होते. जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजांना मिड-इयर रिपोर्ट (बारावीच्या पहिल्या अर्ध्या वर्षाचे ग्रेड) जातो, उन्हाळ्यात फायनल ट्रान्सक्रिप्ट. तिथे डी ग्रेड दिसला, तर हातात आलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.