ऑपरेशननंतर पोट साफ होत नाही? या चुका टाळा

टाके कोरडे, ताप नाही, डॉक्टर समाधानी. आणि पेशंट मात्र चौथ्या दिवशी पोट धरून बसलेला. घरोघरी हेच होतं, तरी दवाखान्यातून निघताना याबद्दल कोणी विचारत नाही, कारण लाज वाटते. मग शेजारच्या काकू एरंडेल घेऊन येतात.

भूल, अंथरुणावर पडून राहणं आणि कमी खाणं-पिणं यांनी आतडी मंदावतातच. त्यात ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या भर घालतात. मल जितका जास्त वेळ आत राहतो, तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो खड्यासारखा होतो. उलटी थांबवणारी ऑन्डॅनसेट्रॉन आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही पोट बांधतात. म्हणून कुंथायची वेळ येईपर्यंत थांबू नका. असली गोळी लिहून दिली असेल, तर सोबत पोट साफ होण्याचं औषध हवं का, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारा. वेदनाशामक मनाने बंद करणं ही मात्र दुसऱ्या टोकाची चूक. दुखलं की माणूस हलत नाही, आणि हलला नाही की पोटही हलत नाही. आता साध्या पॅरासिटामॉलवर भागेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

रोज शी झालीच पाहिजे, हा हट्टही नको. दोन दिवस पोटात काही गेलंच नसेल तर बाहेर काय येणार?

पथ्याच्या नावाखाली

आपल्याकडे पेशंटला दूध-टोस्ट, साबुदाण्याची खीर, मऊ भात आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली बिस्किटं. चोथा कशातच नाही. त्यावर ‘पाणी जास्त दिलं तर टाके पिकतात’ ही समजूत. पाण्याने टाके पिकत नाहीत. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि बरंच पाणी घामावाटेच जातं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटने मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं माप सोडू नये.

नेहमीचं जेवण सुरू करायला परवानगी मिळाली की आपली ज्वारीची भाकरी उत्तम, पण ताजी, आमटीत कुस्करून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कितीही आवडली तरी कोरडी नको. पालेभाजी, पपई, रात्री भिजवलेले बेदाणे चालतील. मधुमेह असेल तर बेदाणे बेतानेच. आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर यातलं काहीही सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

इसबगोल निरुपद्रवी म्हणून सर्रास दिलं जातं. ते पाण्यात फुगतं. आतडी मंद आणि पाणी कमी, अशा वेळी त्याचाच गोळा अडकू शकतो. एरंडेल आणि सोनामुखीने पोटात कळा येतात. पोटावर ताजे टाके असताना हे प्रयोग नकोत. एनिमाही स्वतःहून नको.

संडासची अडचण

खरी गोम बहुतेक वेळा इथे असते, आणि घरचे इथेच बघत नाहीत. सासऱ्यांना सुनेकडून आधार घेऊन जायचं जिवावर येतं. आजी ‘पुन्हा उठायला नको’ म्हणून जेवणच कमी करतात. कळ आली की दाबतात, आणि दाबलेली कळ पुन्हा लवकर येत नाही. जुन्या घरात संडास अंगणापलीकडे असेल तर विचारायलाच नको. कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. ती आणा, खोलीचं दार लावता येईल असं बघा आणि पेशंटला एकटं सोडा, फक्त हाकेच्या अंतरावर राहा. नाश्ता किंवा गरम चहानंतर आतडी आपोआप हलतात. त्या वेळी दहा मिनिटं बसवा. पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना किंवा जोर येताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. पायाखाली छोटा पाट घेतला की सोपं जातं, पण खुब्याचा सांधा बदललेल्यांनी पाट घ्यायचा नाही आणि उकिडवंही बसायचं नाही. हर्निया किंवा हृदयाच्या ऑपरेशननंतर तर कुंथणं टाळाच.

चालायची परवानगी असेल तर घरातल्या घरात, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. बाहेर जायचं तर उन्हं चढायच्या आत.

जुलाब समजून फसू नका

बरेच दिवस शी झालेली नसताना अचानक पातळ पाझरू लागलं, तर तो जुलाब असेलच असं नाही. कडक मल अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर सगळंच घट्ट बसतं.

पोट फुगून ताणलंय, वायूही सरत नाही, उलट्या होतायत, ताप किंवा वाढती वेदना आहे, रक्त पडतंय: यातलं काहीही दिसलं तर घरचं रेचक देऊ नका, थेट दवाखाना गाठा; रात्र असली तरी. तिथे ‘पोट साफ होत नाही’ एवढ्यावर थांबू नका. शेवटचा वायू कधी सरला, शेवटची शी कधी आणि कशी झाली, हे सांगा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.