चाळिशीत विज्ञानाचे शिक्षक व्हायचंय? सुरुवात इथून करा

लोट्याच्या रासायनिक कारखान्यात लॅब सांभाळणारे, मुंबईची नोकरी सोडून देवगड-गुहागरला घरी परतलेले असे कितीतरी बीएस्सी झालेले लोक कोकणात आहेत. शिकवण्याची हौस अनेकांना असते. त्यांनी राजीनामा लिहिण्याआधी वयाचा हिशेब मांडावा. राज्यात सरकारी भरतीची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३ आहे. बी.एड.ची दोन वर्षं त्यातच धरा. सदतिसाव्या वर्षी प्रवेश घेतला, तर पदवी हातात येईपर्यंत खुल्या प्रवर्गाचं दार बंद झालेलं असतं. मर्यादा उलटली असेल तर जिल्हा परिषदेच्या मागे लागू नका. खासगी विनाअनुदानित शाळांकडे वळा.

मग पात्रता. नववी-दहावीला बीएस्सी, बी.एड. लागतं, ज्युनियर कॉलेजला एमएस्सी, बी.एड. बी.एड.साठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवीला खुल्या गटात ५० टक्के गुण हवेत. अध्यापन पद्धती निवडताना विज्ञानाच्या जोडीला गणित घ्या. लहान शाळांना दोन्ही विषय घेणारा माणूस हवा असतो. नोकरी सांभाळून दूरस्थ बी.एड. करू म्हणाल, तर तो मार्ग आधीपासून शिकवत असलेल्यांसाठीच आहे.

सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर द्या. खुल्या गटाला १५० पैकी ९० गुण लागतात. सरकारी भरतीला पुढे टेट (ही वेगळी, अभियोग्यता चाचणी) आणि पवित्र हे शिक्षकभरतीचं पोर्टल आहेच. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात, माध्यमिकला महिना १८,००० रुपयांवर. घराचा हप्ता चालू असेल तर हा आकडा घरच्यांसमोर आधीच ठेवा.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे नोकरीत असतानाच मुलांसमोर उभं राहून बघा. जवळच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटा, शनिवारी एक तास मागा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, तो घ्या. सुरुवात व्याख्येने करू नका. ‘आज तिथी कोणती? भरती कधी?’ असं विचारा. होडीवर जाणाऱ्या घरातलं एखादं पोर लगेच सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता. ते फळ्यावर लिहा आणि विचारा, पाऊणपटच का? चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास हा त्याचाच ढोबळ हिशेब. मग अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती, मुलंच समजावून सांगू लागतात. असा तास रंगला की पुढच्या आठवड्याचं टाचण काढायला आपण आपणहून बसतो. तसं झालं नाही, तर राजीनाम्याची घाई करू नये.

विनाअनुदानित शाळांसाठी वाट बघत बसू नका. वर्ग जूनच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हा एप्रिलमध्येच अर्ज घेऊन स्वतः जा. कारखान्यातल्या अनुभवाचा दाखला जोडा; तीच तुमची खरी मिळकत आहे. नमुना पाठ घ्यायला सांगितलं तर प्रयोगाचं सामान घरून न्या. गावच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतला स्पिरिटचा दिवा मिळेलच असं नाही.