मुलांचं हॉस्पिस आखताय? या चुका टाळा

मुलांच्या हॉस्पिसची, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी घेणाऱ्या वास्तूची, ड्रॉइंग्ज तपासायला आली की मी आधी मूल झोपणार त्या खोलीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद दाखवणारं ड्रॉइंग, मागते. बहुतेक वेळा तो काढलेलाच नसतो. भिंतीवर रंगवायचा जिराफ मात्र रंगांच्या नमुन्यांसकट तयार असतो.

इथे मुलं फक्त शेवटच्या आठवड्यात येतात, हा समज आधी डोक्यातून काढा. जगातलं पहिलं मुलांचं हॉस्पिस, ऑक्सफर्डचं हेलन हाउस, 1982 साली सुरू झालं. हेलन नावाच्या गंभीर आजारी मुलीला सांभाळणाऱ्या तिच्या घरच्यांना अधूनमधून विसावा हवा होता, त्या गरजेतून त्याची कल्पना निघाली. आजही स्नायूंचे, चयापचयाचे, मेंदूचे आजार असलेली कितीतरी मुलं थोड्या दिवसांसाठी येतात, घरी जातात, परत येतात. सहाव्या वर्षी आलेला मुलगा सोळाव्या वर्षीही येतो. मिसरूड फुटलेली असते, खाली मोठी इलेक्ट्रिक व्हीलचेअर असते. त्याला जिराफ नको असतो. त्याला दार लावून घेता येईल अशी खोली हवी, मित्र आले तर बसायला जागा हवी. ही जागा ‘दुसऱ्या टप्प्यात करू’ म्हणून ढकलू नका. त्याच्याकडे दुसऱ्या टप्प्याइतका वेळ नसतो.

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक हॉइस्टची, म्हणजे मुलाला उचलणाऱ्या यंत्राची. उभं राहू न शकणाऱ्या मुलाला झोळीत घेऊन छतावरच्या ट्रॅकवरून पलंगापासून बाथटबपर्यंत अलगद नेता येतं. पण ट्रॅक मध्येच तुटला की सगळंच फुकट. एका नव्या वास्तूत मला पाहणीसाठी बोलावलं होतं. खोल्या देखण्या होत्या, पण ट्रॅक बाथरूमच्या दाराशी येऊन थांबला होता, कारण दारावरचा बीम छतापेक्षा चांगला हातभर खाली उतरलेला. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग बरोबर, इंटिरिअरवाल्यांचं बरोबर, ट्रॅक पुरवणाऱ्याचंही बरोबर. तिन्ही कागद एकावर एक ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. आत एक आई आपल्या किशोरवयीन मुलीला दोन्ही हातांवर उचलून ओल्या फरशीवरून टबाकडे नेत होती. मुलीच्या पोटातली फीडिंगची नळी कुठे अडकू नये म्हणून नळीचं टोक आईने स्वतःच्या दातांत धरलं होतं. जिच्या पाठीला आराम मिळावा म्हणून ही वास्तू उभी राहिली, तीच असं वजन उचलत होती.

म्हणून मी भिंतींच्या आधी ट्रॅक काढते. पलंग, कमोड, टब अशी एक सलग रेघ आधी पक्की होते आणि बीम तिच्या सोयीने सरकतात. मग दाराच्या माथ्यावरची फट ठरते. दिवे, एसी आणि स्प्रिंकलर यांनी उरलेली जागा वाटून घ्यायची. स्लॅब किती भार घेणार हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. घाईतली तरुण मंडळी म्हणतात, ‘ट्रॅक काय, नंतरही बसवता येतो.’ ट्रॅक येतो हो, पण बीम नंतर कापता येत नाही.

खिडकीचंही तेच. नेहमीच्या सवयीने 900 मिलिमीटरवर सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, ठेवलं तर आडव्या पडलेल्या मुलाला आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो. सिल 450 च्या आसपास आणा, खालची काच पक्की बसवा. साइटवर घडीची खाट टाकून मी स्वतः त्यावर पडून राहते. डोळ्यांवर कुठला दिवा येतो ते तेव्हाच कळतं.

बाकीच्या चुका चटकन सांगते. स्टोअर लहान ठेवू नका. व्हीलचेअर, मुलाला आधाराने उभं ठेवणारी स्टँडिंग फ्रेम, पंप हे सगळं जागा नसली की पॅसेजमध्ये येतं. पलंगाजवळ प्लग कमी पडतात, पुरेसे वाटतील त्याच्या दुप्पट द्या. व्हेंटिलेटरच्या वीज-बॅकअपवर हॉइस्ट चार्जरही घ्या. आईवडिलांच्या खोलीत अलार्मचा आवाज पोचू देऊ नका, रात्रीची जबाबदारी तेव्हा नर्सची असते. भावंडांना आरडाओरडा करायला जागा द्या. नर्सना दार लावून रडता येईल अशी एक खोली द्या, आणि तिला काचेचं दार नको.

आता निरोपाची खोली. मूल गेल्यावर काही दिवस घरच्यांना त्याच्याजवळ राहता यावं म्हणून ही खोली थंड ठेवतात. हेलन हाउसमध्येही अशी छोटी खोली आहे. आपल्याकडे आलेल्या ड्रॉइंग्जमध्ये ती शेवटी आठवते आणि लाँड्रीशेजारी उरलेल्या कोपऱ्यात बसवली जाते. शववाहिकेपर्यंतची वाट मग जेवणघरातून जाते. मृत्यू नजरेआड ढकलण्याची ही घाई मला पटत नाही. या खोलीला बागेकडे उघडणारं स्वतःचं दार हवं, गाडी तिथपर्यंत यायला हवी. आत साधा पलंग हवा, मुलाची स्वतःची चादर घालता येईल असा. लागूनच एक उबदार बैठक हवी, कारण त्या गार खोलीत आजी-आजोबा फार वेळ बसू शकत नाहीत.

आणि तिथे घरगुती स्प्लिट एसी लावून मोकळे होऊ नका. तो साधारण 16 अंशांच्या खाली उतरत नाही, तेवढ्याने भागत नाही. त्याहून बराच खाली जाणारं शीतयंत्र घ्या, खोलीच्या भिंती-छताला इन्सुलेशन करा, कॉम्प्रेसर खोलीच्या भिंतीला न टेकवता दूर वेगळ्या पायावर ठेवा. थर्मोस्टॅट दाराबाहेर लावा, म्हणजे नर्सला तापमान बघायला आत जावं लागणार नाही.