शॉटगनमधून बाहेरच्या बाजूचा टॉस कसा खेळावा
अमेरिकन फुटबॉलमध्ये टॉस म्हणजे क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने) रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) चेंडू अलगद फेकण्याची खेळी. शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू करणाऱ्या खेळाडूच्या, मागे सुमारे 5 यार्डांवर उभा असतो आणि रनिंग बॅक बहुधा त्याच्या शेजारी असतो. त्यामुळे चेंडू हाती येताना बॅकला पुढची गती मिळालेली नसते, हीच या खेळीची खरी अडचण आहे. म्हणून बॅकला एखादे पाऊल मागे उभे करावे आणि स्नॅप होताच (सेंटरने चेंडू मागे देताच) त्याने बाहेरच्या दिशेने धाव घ्यावी. क्वार्टरबॅकने स्नॅप नीट हातात आल्यावरच चेंडू बॅकच्या छातीच्या उंचीवर, त्याच्या धावेच्या किंचित पुढे अलगद टाकावा. मागे टाकलेला चेंडू सुटला, तर तो अपूर्ण पास ठरून खेळ थांबत नाही, चेंडू खेळातच राहतो. येथे घाई अजिबात करू नये.

बाकी सारे कडेच्या अडवणुकीवर अवलंबून असते. बाहेरचा रिसीव्हर (कडेला उभा राहणारा पास झेलणारा खेळाडू) आत वळून लाइनबॅकरला (बचावाच्या पुढच्या रांगेमागील खेळाडूला) समोरून आणि कमरेच्या वर रोखतो, आणि त्याने मोकळा सोडलेला कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) गाठण्यासाठी त्या बाजूचा टॅकल (आक्रमणाच्या पुढच्या रांगेतील कडेचा खेळाडू) ती रांग सोडून बाहेर धावतो. बॅकने टॅकलच्या मागोमाग जावे आणि कॉर्नरबॅक ज्या बाजूला ढकलला जाईल, त्याच्या उलट बाजूने वळावे. कॉलेज फुटबॉलमध्ये हॅश खुणांमधील (खेळी सुरू करताना चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात, त्या मैदानावरील खुणांच्या दोन ओळींमधील) अंतर 40 फूट असते, त्यामुळे चेंडू एका खुणेवर असताना मैदानाच्या रुंद बाजूला ही खेळी विशेष खुलते.